चौदाव्या मजल्याची लिफ्ट

सुधीरला मी माफ करणार नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणाला वाटेल की ही बाई शेवटी विरघळणार, तर ती आशा सोडा.

आम्ही दोघं एकाच दिवशी कंपनीत लागलो. तो पुण्याहून आलेला, मी सुलतान बाजारातली, आजोबांच्याही आधीपासून हैदराबादची. माझी मराठी ऐकून त्याला हसू यायचं. "त्रिवेणी, तू 'हो'ला 'हौ' म्हणतेस ना, किती गोड वाटतं," असं चारचौघांत म्हणायचा. नवी नोकरी होती, म्हणून दात दाखवून गप्प बसायचे.

आमचं ऑफिस कुकटपल्लीला. लिफ्टमध्ये एक छोटा कॉम्प्युटर असतो. कुठल्या मजल्यावर कुणी बोलावलंय, आत कुणी काय दाबलंय, आधी कुठं थांबायचं, हे सगळं तो ठरवतो. त्या कॉम्प्युटरच्या पोटातलं अगदी तळाचं सॉफ्टवेअर, ज्याला कर्नेल म्हणतात, ते आम्ही लिहितो. तिथं चूक झाली की वरून काही दिसत नाही. लोक वायरमनला शिव्या घालतात, वीज मंडळाला घालतात, नाहीतर लिफ्टमधल्या माणसाला घालतात.

त्या कर्नेलमधला एक तुकडा माझा होता. मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नकलून न्यायचा, एवढंच त्याचं काम. सोपं वाटतं, पण त्यात एक मेख आहे. समजा, मांडणीवर डबे आहेत: तांदूळ, डाळ, रवा, साखर आणि शेवटचा रिकामा. सगळं एकेक डबा पुढं सरकवायचंय. अक्कल असलेली बाई शेवटून सुरू करते. आधी साखर रिकाम्या डब्यात, मग रवा साखरेच्या डब्यात, असं मागं मागं येते. मेमरीत हे पुढून सुरू केलं की घात होतो, कारण तिथं वरून काही ओतलं की खालचं पुसलंच जातं. तांदूळ डाळीच्या डब्यात गेला, डाळ संपली. मग डाळीच्या डब्यातलं, म्हणजे तांदूळच, रव्याच्या डब्यात. शेवटपर्यंत पोचेस्तोवर सगळ्या डब्यांत नुसता तांदूळ.

म्हणून माझ्या कोडमध्ये सुरुवातीलाच एक छोटी तपासणी होती. जुनी जागा आणि नवी जागा एकमेकींवर चढतायत का? चढत असतील तर शेवटून सुरू कर.

सुधीरनं ती तपासणी काढून टाकली. तोवर तो आमचा हेड झाला होता, नवी पोरं त्याला साहेब म्हणायला लागली होती. "आपल्याकडं जागा एकमेकींवर येतच नाहीत. उगाच वेळ खातंय हे," तो मीटिंगमध्ये म्हणाला.

"आज येत नाहीत. उद्या कुणीतरी एखादी यादी सरकवेल, मग?"

"त्रिवेणी, तुला ना, प्रत्येक ठिकाणी भूत दिसतं."

सगळे हसले. कोड वेगवान झाला म्हणून वार्षिक समारंभात सुधीरच्या हातात ढाल आली. मला त्यानं टेस्टिंगला टाकलं, 'तुझा संशयी स्वभाव तिथं कामाला येईल' म्हणून. मग त्यानंच साहेब-कार्ड काढलं. सोसायटीचा चेअरमन, बिल्डिंगचा मालक असल्या बड्या लोकांसाठी. लिफ्टबाहेर कार्ड लावलं की तुमचा मजला यादीत सगळ्यांच्या आधी. त्याची टेस्टिंगही त्यानं माझ्याकडं येऊ दिली नाही, आपल्या लाडक्या पोरांकडून करून घेतली.

एवढ्यावर मी त्याला शाप देत बसले असते आणि आयुष्य गेलं असतं. पण मग नामदेवमामा गेले.

नामदेवमामा म्हणजे माझ्या जयवंता आत्याचे यजमान. कुकटपल्लीतच एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर त्यांचं घर. एके दिवशी सकाळी मामांच्या छातीत कळ आली. थोरला मुलगा, शिवराजदादा, गाडी काढायला खाली धावला आणि आत्याला म्हणाला, तू बाबांना लिफ्टनं घेऊन ये. दुसरी लिफ्ट दुरुस्तीला होती. आत्या मामांना धरून लिफ्टमध्ये शिरली. ती लिफ्ट खाली आलीच नाही. वर गेली, चौदाव्या मजल्यावर. शेवटी लोकांनी मामांना खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

दवाखान्याच्या बाहेर सगळे नातेवाईक जमले होते. शिवराजदादा आईसमोर उभा राहिला आणि ओरडला, "आई, तू मारलंस त्यांना! एक बटण तुला नीट दाबता येईना?"

त्या दिवसापासून दादा तिच्याशी बोलतच नव्हता. त्याच घरात राहून "आईला म्हणावं जेवून घे," असे निरोप बायकोकरवी. आणि आत्यानं कुठलंही बटण दाबायचं सोडलं. मिक्सर लावायचा असला तरी सुनेला हाक मारायची.

त्यात आमच्या कंपनीचा रिपोर्ट आला. त्या टॉवरच्या लिफ्टला आमचंच सॉफ्टवेअर होतं. मी ऑफिसात तो वाचला. "वापरकर्तीने घाबरून चुकीच्या मजल्याचे बटण वारंवार दाबले. यंत्रणेत दोष आढळला नाही." खाली सुधीरची सही. त्यानं एका माणसाला विचारून हे लिहिलं होतं, सोसायटीचे चेअरमन हिम्मतराव. ते चौदाव्यावर राहतात. ते म्हणाले, बाई वेड्यासारखी बटणं बडवत होती.

मी सुधीरच्या केबिनमध्ये गेले. "तू त्या मशीनची मेमरी काढून पाहिलीस?"

"गरज काय? सरळ केस आहे."

"ती बाई माझी आत्या आहे."

"ओह. सॉरी," तो म्हणाला, आणि मग आवाज मऊ करून, "बघ, वय झालं की होतं असं. कुणी मुद्दाम करत नाही."

त्या मऊ आवाजानं माझं टाळकं फिरलं. मी ठरवलं, हे वाक्य ह्याच्याच तोंडानं परत घ्यायला लावीन, आणि आत्याच्या घरात जाऊन.

त्याच संध्याकाळी आत्याकडं गेले. ती भाजी निवडत बसली होती.

"आत्या, त्या दिवशीचं एकदा सांग. मला तुझी चूक काढायची नाहीये."

"काय सांगू गं तिवे. मी खालचंच दाबलं. जी. दिवापण लागला." तिचे हात थांबले. "लिफ्ट वर गेली. दार उघडलं, समोर हिम्मतराव. ते आत आले. दार मिटलं, आणि परत तिथंच उघडलं. मिटलं, परत तिथंच. मी जी दाबतेय, दाबतेय, दिवा तर लागलेलाच आहे. तुझे मामा म्हणाले, जयवंते, घाबरू नको. ते मला म्हणाले, घाबरू नको."

मी तिचा हात धरला, पण माझं लक्ष एका शब्दावर अडकलं होतं. परत तिथंच. कुणी चौदा दाबलं असतं, अगदी चुकून, तरी लिफ्ट एकदा चौदाव्यावर थांबते आणि तो मजला यादीतून खोडते. दार तिथंच पुन्हा पुन्हा उघडायला यादीत चौदा पुन्हा पुन्हा असायला हवेत. असं माणसाला करताच येत नाही. दिवा लागलेलं बटण तुम्ही परत दाबलं तर मशीन ते घेतच नाही.

मशीन गडबडलं की आपली मेमरी जशीच्या तशी एका कोपऱ्यात राखून ठेवतं. ऋचा नावाची पुण्याची मुलगी माझ्या टेस्टिंग टीममध्ये आहे, हुशार आणि सुधीरला न घाबरणारी. ती टॉवरवर जाऊन ते घेऊन आली. आम्ही दोघींनी मजल्यांची यादी उघडली. चौदा, चौदा, चौदा, चौदा. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत. रिकाम्या असायला हव्यात त्या जागांवरही चौदा. आत्याचा जी कुठंच नव्हता.

"हे तर सगळ्या डब्यांत तांदूळ!" मी ओरडलेच. ऋचाला वाटलं मला भूक लागलीय.

संशय पक्का होता. साहेब-कार्ड लावलं की तो मजला यादीच्या डोक्यावर बसवायचा, म्हणजे बाकीची यादी एक घर पुढं सरकवायची. ती सरकवायला सुधीरनं तोच नकलणारा तुकडा वापरला होता, तपासणी काढलेला. पण संशयानं काय होतंय, करून दाखवायला हवं. आणि आमच्या ऑफिसच्या लिफ्टला तेच सॉफ्टवेअर, सुधीर रोज सहाव्या मजल्यावर कार्ड लावतो, आणि कधी काही झालेलं नाही. आम्ही टेबलावरच्या मशीनला हज्जार वेळा कार्ड लावलं. काही नाही. मी परेशान झाले. ऋचा म्हणाली, कदाचित वायरिंगच असेल. मी तिच्यावर खेकसले, नंतर चहा पाजला.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सहाव्या मजल्यावर लिफ्टपाशी उभी होते. पोरं गप्पा मारत होती. सुधीर आला आणि सगळी पोरं दोन पावलं मागं सरकली. एकानं बटणाकडं नेलेला हात मागं घेतला. सुधीरनं कार्ड लावलं, लिफ्ट लगेच आली, तो एकटा गेला. दार मिटल्यावर पोरं पुढं झाली आणि मग बटण दाबलं.

"तुम्ही थांबता कैकू रे?" मी विचारलं.

"साहेब असताना कसं दाबायचं, मॅडम? बरं दिसत नाही."

तिथंच मला सापडलं. आमच्या ऑफिसात साहेब आले की बाकी कुणी बटण दाबतच नाही, कुठल्याच मजल्यावर. यादी रिकामी, लिफ्ट मोकळी. ती लगेच येते, म्हणून साहेबांना कार्ड एकदाच लावावं लागतं. हे असलं मोकळं रान बाहेर कुठल्या बिल्डिंगमध्ये असतंय? आणि टेबलावर आम्हीही प्रत्येक वेळी रिकाम्या यादीवर कार्ड एकदाच लावत होतो, सुधीरच्या लाडक्या पोरांसारखं.

आत्याला फोन केला. "हिम्मतराव कसा माणूस आहे गं?"

"कसा म्हणजे? आमच्या दाराची घंटी एकदा वाजवून कधी थांबला नाही. दार उघडेपर्यंत वाजवतच राहतो."

म्हणजे कार्डही तो असंच लावत राहिला असणार. आम्ही यादीत दोन-तीन मजले टाकले आणि कार्ड दोनदा लावलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा बाकीचे मजले पुसले गेले. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा डोक्यावरचा चौदा एकेक घर करत यादीभर पसरला. आम्ही पुन्हा केलं, पुन्हा तेच. सुधीरनं साहेब लोकांच्या कार्डाला 'हा मजला आधीच घेतलाय' असं कधी म्हणायचंच नाही अशीही सोय करून ठेवली होती. साहेबांना नकार कसा द्यायचा!

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मामांचा फोटो डोळ्यांसमोर होता, तरी झाला. आता सुधीर माझ्या मुठीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सगळ्या बिल्डिंगांतली साहेब-कार्डं बंद करायला लावली. टेस्टिंगची प्रमुख म्हणून तेवढा अधिकार मला आहे. एकाच लिफ्टचं कार्ड चालू ठेवलं, आमच्या ऑफिसच्या. माझी तपासणी परत घालून नवा कोडही तयार ठेवला. मग ऋचाला म्हटलं, मजल्यामजल्यावरच्या पोरांना सांग, आज जेवणाच्या वेळी बटणं दाबा, साहेब असोत की साहेबांचे वडील.

आमच्या डायरेक्टर मॅडमना मी दुसऱ्या मजल्यावरच्या कॅन्टीनला चला म्हणाले. तळमजल्यावर आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. मॅडमनी स्वतः दोन दाबलं, दिवा लागला. मजल्यामजल्यावर पोरं बटणं दाबत होती आणि वर सहाव्यावर सुधीर जेवायला निघाला होता. आज लिफ्ट लगेच येईना, तेव्हा त्यानं कार्ड लावलं, परत लावलं, परत लावलं. ऋचा त्याच्या शेजारीच उभी होती, तिनं मला नंतर नक्कल करून दाखवली.

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून सरळ वर गेली. सहाव्यावर दार उघडलं.

"अरे, मॅडम!" सुधीर हसत आत आला. दार मिटलं आणि तिथंच उघडलं. मिटलं. पुन्हा तिथंच उघडलं. सुधीरनं जी दाबलं. बाहेर ऋचा हाताची घडी घालून बघत होती.

मॅडम दोनचं बटण दाबत राहिल्या. "हे काय चाललंय? दिवा तर लागलाय!"

"मॅडम, तुम्ही नक्की दोनच दाबताय ना?" मी विचारलं.

"म्हणजे काय? मला दोन कळत नाही?"

"तसं नाही. पण सुधीरच्या रिपोर्टप्रमाणं असं झालं की समजायचं, वापरकर्ती घाबरून चुकीचं बटण दाबतेय. यंत्रणेत दोष नसतो."

दार तिसऱ्यांदा, चौथ्यांदा उघडलं. मी त्याला बाहेर पडू दिलं नाही, दारात आडवी उभी राहिले आणि मेमरीचं, यादीचं, त्यानं काढलेल्या तपासणीचं, सगळं तिथंच सांगितलं. प्रत्येक वेळी दार उघडलं की बाहेरच्या पोरांनाही थोडंथोडं ऐकू जात होतं. लई बरं वाटलं.

पण मॅडम शेवटी कंपनीच्याच. केबिनमध्ये बसल्यावर म्हणाल्या, नवा कोड पाठवा, नेहमीचं अपडेट म्हणून. जुन्या रिपोर्टला हात लावू नका, कायद्याची भानगड होईल. सुधीरनं सुटकेचा निःश्वास सोडला, तो मी ऐकला.

बाहेर पॅसेजमध्ये मी त्याला गाठलं. "दोन रस्ते आहेत. टॉवरच्या सोसायटीच्या सभेत मी मेमरीचा कागद घेऊन उभी राहते आणि तुझं नाव घेते, मग माझी नोकरी गेली तरी बेहत्तर. नाहीतर तू आत्याच्या घरी येऊन स्वतः सांगतोस."

"घरी कोण कोण असेल?"

"घरचीच माणसं."

त्यानं घर निवडलं. चार माणसांत उरकेल, असा त्याचा हिशेब. मी त्याला रविवारी सकाळी बोलावलं. त्या दिवशी मामांचं मासिक श्राद्ध होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. आमच्याकडं 'घरचीच माणसं' म्हणजे सिकंदराबादेपासूनचे सगळे भाऊबंद. दवाखान्याबाहेर जी जी माणसं होती, ती सगळी त्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेली होती.

सुधीर फळांची करंडी घेऊन दारात आला आणि आतली गर्दी बघून थबकला. मी मागंच होते. "चल ना आत. सगळी घरचीच आहेत."

आत्या भिंतीला टेकून बसली होती. शिवराजदादा भटजींशी बोलत होता. मी मोठ्यानं म्हणाले, "जरा ऐका सगळे. हे आमचे साहेब. लिफ्टबद्दल सांगायला आलेत."

सुधीरनं घसा साफ केला. "ॲक्च्युअली, तांत्रिकदृष्ट्या बघता, मेमरीच्या पातळीवर एक इश्यू..."

"आत्याला समजेल असं बोल."

त्यानं फळांची करंडी खाली ठेवली. "बाई, तुम्ही... तुम्ही बटण बरोबर दाबलं होतं. लिफ्ट आमच्या चुकीमुळं वर गेली."

"आमच्या म्हणजे कुणाच्या?" मी विचारलं.

"माझ्या."

मी वाट बघत होते की आता आत्या त्याला बोलेल, हात उचलेल, रडेल, काहीतरी करेल. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती शिवराजदादाकडं बघत होती.

"परत सांगा," ती म्हणाली. "मोठ्यानं. माझ्या थोरल्याला ऐकू गेलं नसेल."

सुधीरनं परत सांगितलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज फाटला. दादा उठला, गर्दीतून वाट काढत आला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून पुटपुटला, "माझं चुकलं, आई."

आत्यानं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"ऊठ," ती म्हणाली. "दवाखान्यात बोललास तेव्हा उभा होतास. रस्त्यावरच्या लोकांना ऐकू गेलं होतं. आता वाकून, माझ्या पायांना हळूच सांगतोस? उभा राहा. त्याच आवाजात बोल."

सुधीर हळूच दाराकडं सरकायला लागला होता. मी त्याचा दंड धरला. "बस खाली. अजून संपलेलं नाही."

दादा उभा राहिला. सगळे त्याच्याकडं बघत होते. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आत्यानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मला घाई नाही."